पुस्तकांची कपाटं आणि घरोघरचे सोफे असलेला हॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घर बदललं की दोन गोष्टी हमखास होतात. पलंगाखाली कोंबलेले पुस्तकांचे खोके बाहेर येतात, आणि कुणा नातेवाइकाचा फोन येतो, "आमचा सोफा चांगला आहे, तुम्हाला हवाय का?" नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यापासून असे फोन वाढलेत. खालची उत्तरं अशा हॉलसाठी आहेत जिथे इंटिरियर डिझायनर येणार नाही, सुतार चार दिवस येईल आणि बाकीचं घरच्यांनीच बघायचंय. माझं मत आधीच सांगून टाकते. सोफे एकमेकांशी जुळवण्यात पैसा घालू नका. तो पैसा कपाटात घाला.

तीन सोफे, तीन घरांतले, तीन काळांतले. हॉल धर्मशाळा नाही का वाटणार?

तिन्ही सोफे तीन भिंतींना चिकटवून मध्ये रिकामी फरशी ठेवलीत तर वाटेल. पण त्याचा दोष रंगांना देऊ नका. लाकडी हातांचा ऐंशीच्या दशकातला सागवानी सोफा, मामांच्या ऑफिसातून आलेला काळा रेक्झिनचा सोफा आणि वेताच्या दोन खुर्च्या एकत्र ठेवल्या की डोळ्यांना जे खटकतं ते बैठकीच्या उंचीतलं अंतर असतं. जुना लाकडी सोफा जमिनीपासून १७-१८ इंचांवर बसवतो, फुगीर सोफ्यात माणूस १४ इंचांवर रुततो. मग गप्पा मारताना एक जण वरून बघतो, दुसरा खालून.

टेप घेऊन माणूस बसल्यावरची उंची मोजा, रिकाम्या गादीची नव्हे. दोन इंचांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर बसक्या सोफ्याच्या पायांखाली लाकडी गुटके लावून घ्या, नाहीतर त्याचा फोम बदला. उंच सोफ्याचे पाय कापायला सुतार लगेच तयार होतो. त्याला थांबवा, कापलेला पाय परत वाढत नाही.

उंची जमली की एकच रंग तीन ठिकाणी दिसू द्या. लाकडी सोफ्यावर विटकरी रंगाचे अभ्रे, रेक्झिनच्या सोफ्यावर त्याच रंगाचा पट्टा असलेली सोलापुरी चादर, वेताच्या खुर्चीत त्याच कापडाची छोटी उशी. सगळ्या सोफ्यांना एकसारखी कव्हरं घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा असं मला वाटतं. घाटदार लाकडी हात आणि चौकोनी खोकं यांना एकच कापड घातलं की दोघांची घडण किती वेगळी आहे तेच आणखी उठून दिसतं.

आणि मध्ये सतरंजी. प्रत्येक सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय तिच्यावर यावेत इतकी मोठी.

सोफा फुकट मिळतोय. 'हो' म्हणण्याआधी काय बघायचं?

पहिली गोष्ट ढेकूण, दुसरी ढेकूण, मग बाकीचं. देणारे आपलेच असले तरी टॉर्च घेऊन जा आणि लाजू नका. सोफा उलटा करा. तळाला काळं पातळ कापड ठोकलेलं असतं, त्याची एक कड उचकून आत बघा. शिवणींच्या घड्यांत, पायपिंगखाली, लाकडाच्या सांध्यांत शाईचे ठिपके पडावेत तसे बारीक काळे डाग दिसले, किंवा पारदर्शक तपकिरी सालपटं दिसली, तर सोफा कितीही सुरेख असो, घरी आणू नका. ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे 'सहा महिने बंद खोलीत होता' हा दिलासा कामाचा नाही. गॅलरीत उन्हात ठेवूनही भागत नाही. ढेकूण आणि त्याची अंडी मरायला सोफ्याच्या अगदी आतपर्यंत जवळजवळ ५० अंशांची उष्णता बराच वेळ टिकावी लागते, आणि ठाण्याच्या मे महिन्यातही गादीचं पोट तेवढं तापत नाही.

लाकडाकडे बघताना जमिनीकडेही बघा. सोफ्याखाली पिठासारखा भुसा पडलेला असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर आत कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी.

सांगाडा तपासायची एक सोपी युक्ती आहे. समोरचा एक पाय चार-पाच इंच उचला. सोफा दणकट असेल तर समोरचा दुसरा पायही लगेच जमीन सोडतो. तो जमिनीवरच राहिला आणि सोफा पिळवटला तर सांधे गेलेत. सागवान असेल तर सांधे पुन्हा बसवून घेण्यात अर्थ आहे. जंगली लाकडाचा असेल तर दुरुस्तीचा खर्च वसूल होत नाही.

लिफ्टमध्ये जाईल का?

सहा माणसांची लिफ्ट आतून साधारण साडेतीन फूट रुंद आणि सव्वातीन फूट खोल असते, दार तर आणखी अरुंद. तीन सीटर सोफा सहा ते सात फूट लांब. उभा केला तरी दाराच्या उंचीला अडू शकतो. म्हणून सोफा बघायला जाल तेव्हा चार मापं खिशात असू द्या: लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि आपल्या घराचं मुख्य दार. जुन्या लाकडी सोफ्यांचे हात आणि पाठ बहुतेकदा स्क्रूवर असतात, सुटे करून नेता येतात. टॉवरमध्ये सर्व्हिस लिफ्ट असते, पण तिची वेळ आणि गेटपास सोसायटीच्या ऑफिसात आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाहीतर 'छोटा हत्ती' गेटबाहेर उभा, हमाल घड्याळ बघतायत आणि वॉचमन रजिस्टर शोधतोय.

रेक्झिनचे पापुद्रे निघताहेत. दुरुस्त होतं का?

नाही. हल्लीच्या 'लेदरसारख्या' सोफ्यांवर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तोच हळूहळू तुटत जातो. खाडीकाठच्या हवेत तो लवकर जातो यात नवल नाही. वरून लावायचे रंग आणि चिकटपट्ट्या म्हणजे पैसे पाण्यात. सांगाडा चांगला असेल तर पूर्ण कापड बदला, नसेल तर सोफा सोडा.

कापड कोणतं आणि किती लागेल?

५४ इंची पन्ह्याचं कापड घेतलं तर तीन सीटर सोफ्याला साधारण १० ते १२ मीटर, एका खुर्चीला चार ते पाच मीटर. मोठं डिझाइन असेल तर जुळवण्यात वाया जातं, म्हणून थोडं जास्त धरा. जाड सुती कापड, दसुती किंवा कॅनव्हास इथल्या घामाच्या हवेला बरं. पण शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर कव्हर गादीवर चढत नाही. मखमल आणि शनील पावसाळ्यात दमट वास धरतात. कव्हर चेन लावून काढता-घालता येईल असंच शिवायला सांगा. सोफेवाले पिनांनी ठोकून द्यायला बघतात, कारण ते पटकन होतं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ठोकलेल्या कापडाचा पहिल्या महिन्यात पश्चात्ताप होईल.

खण किंवा इरकलीचं कापड सोफ्यावर सुंदर दिसतं असं सगळे म्हणतात. दिसतंही, पण रोजच्या बसण्याउठण्यात ते विरतं. उशांना वापरा.

फोम कितीचा घ्यायचा?

बैठकीला ४० डेन्सिटीचा, चार इंच. पाठीला ३२ चालतो किंवा त्याहून मऊ. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर शंका आली तर तुकडा मोजून तपासता येतो. जुना फोम बोटाने दाबल्यावर पिवळी पूड पडत असेल तर त्यावर नवं कव्हर शिवू नका. आधी फोम बदला.

पुस्तकांचं कपाट कोणत्या भिंतीला लावायचं?

कोरड्या. हे उत्तर थोडं उद्धट वाटेल, पण ठाणे-नवी मुंबईत बाकी सगळं त्यानंतर येतं. इथे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाच्या बाहेरच्या भिंती जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल धरतात. वरून रंग चांगला दिसत असला तरी कपाटामागे, जिथे वारा लागत नाही, तिथे बुरशी चढते. बाथरूमच्या पलीकडची भिंतही तशीच फसवी. म्हणून पहिली पसंती दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला.

शंका असेल तर पावसाळ्यात एक चाचणी करा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीच्या हवेतला दमटपणा आहे. पहिल्या प्रकारात वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय तिथे कपाट नको. दुसऱ्या प्रकारात कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या आणि मागच्या प्लायला वरखाली हवेची भोकं ठेवा.

नैर्ऋत्येला जड सामान ठेवावं असं वास्तूवाले सांगतात. ती भिंत कोरडी असेल तर अवश्य ठेवा.

उन्हाची तिरीप थेट पुस्तकांवर येणार नाही हेही बघा. पश्चिमेच्या खिडकीसमोरची पुस्तकं वर्ष-दोन वर्षांत कण्यावरून फिकी पडतात.

प्लाय, पार्टिकल बोर्ड की लोखंडी रॅक?

ऑनलाइन मिळणारी बहुतेक स्वस्त कपाटं पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. ताठपणात ती प्लायच्या निम्मीही नाहीत आणि लादी पुसताना खालच्या कडेला पाणी लागलं की तिथे फुगतात. फुगलेला पार्टिकल बोर्ड पुन्हा बसत नाही. कधीतरी उघडायच्या क्रोकरीच्या शोकेसला ठीक, पुस्तकांना नाही.

प्लायमध्ये तीन नावं ऐकू येतील. एमआर म्हणजे दमट हवेपुरता, बीडब्ल्यूआर पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारा (हे दोन्ही आयएस ३०३ मध्ये येतात), आणि बीडब्ल्यूपी किंवा मरीन प्लाय (आयएस ७१०). हॉलमधल्या कपाटासाठी १८ किंवा १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर पुरेसा आहे. मरीनचा आग्रह दुकानदार धरेल, तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली धरू द्या. शिक्का आणि आयएसआयचं चिन्ह प्रत्येक शीटवर बघा, फक्त वरच्या शीटवर नव्हे.

लोखंडी रॅकची मात्र उगीच बदनामी झाली आहे. बंद झालेल्या कार्यालयांतून किंवा भंगारातून मिळणारे भोकांच्या अँगलचे रॅक घासून, प्रायमर मारून, गडद हिरव्या किंवा काळ्या रंगात रंगवले की वेताच्या आणि लाकडी सोफ्यांशेजारी झकास दिसतात. वाळवी लागत नाही, फळी वाकत नाही, घर बदलताना खोलून नेता येतात. मागे पाठ नसल्याने हवा खेळती राहते. फक्त पुस्तकं घासू नयेत म्हणून फळीवर जाड कागद किंवा कापड अंथरा आणि पायांना रबरी बूच लावा, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग पडतात.

लाकडी तयार कपाट हवं असेल तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घासाघीस करता येते. जुनं, घडीव हवं असेल तर जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये एक रविवार घालवावा लागेल. तिथेही भुशाची आणि भोकांची तपासणी विसरू नका.

फळी किती लांब ठेवावी? सुतार म्हणतो चार फूट चालते.

कपड्यांना चालते. पुस्तकांचं वजन लोकांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं. डेमी आकाराची, म्हणजे साडेआठ इंच उंचीची साधी मराठी पुस्तकं उभी लावली तर एका फुटाला साधारण सात-आठ किलो होतात. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं किंवा कोशांचे खंड असतील तर याहून कितीतरी जास्त. आणि फळीचा झोळ लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. पुस्तकांनी पूर्ण भरलेली फळी दुप्पट लांब केली तर ती सोळापट वाकते. म्हणून १८ मिलिमीटर प्लायला आधारांमधलं अंतर अडीच फूट, फार तर तीन.

जास्त लांबीच हवी असेल तर फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उभी सागवानी पट्टी लावून घ्या. पट्टीने ताठपणा येतो आणि प्लायची कडही झाकली जाते. सुताराला आणखी एक सांगा. प्लायच्या वरच्या पदराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने यायला हवेत. शीट आडवी कापून वाया जाणारा तुकडा वाचवला तर ती फळी लवकर वाकते.

कपाट किती खोल ठेवायचं याचं गणितही इथेच करून टाका. बहुतेक पुस्तकांना सहा-सात इंच खोली पुरते, दिवाळी अंकांना आठ-नऊ. आठ बाय चारच्या शीटमधून सव्वानऊ इंचांच्या पाच पट्ट्या निघतात. दहा इंच सांगितलेत की चारच निघतात आणि उरलेला तुकडा सुतार घेऊन जातो. बारा-पंधरा इंच खोल कपाट करून मागे-पुढे दोन रांगा लावायचा बेत असेल तर मागच्या रांगेतली पुस्तकं तुम्ही पुन्हा वाचणार नाही, हे गृहीत धरा.

उंचीत दोन फळ्यांमध्ये दहा इंच मोकळे ठेवा. डेमी पुस्तक साडेआठ इंचांचं असतं, वरून बोट घालायला दीड इंच. तळाचे एक-दोन कप्पे बारा-तेरा इंचांचे करा, तिथे दिवाळी अंक, नकाशे, मुलांची मोठी पुस्तकं. आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून चार इंच वर. लादी पुसणाऱ्या बाईंचा पोछा तिथे लागणारच.

एवढं वजन स्लॅबला झेपेल का?

घरांचे स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचं वजन धरून आखलेले असतात. सार्वजनिक ग्रंथालयाच्या साठ्याच्या खोलीला त्याच्या तिप्पट किंवा अधिक धरतात. यावरून घाबरून जाण्यासारखं काही नाही. दहा फूट लांब, सात फूट उंच भिंतभर कपाट पुस्तकांसकट सहाशे किलोच्या आसपास जाईल, आणि दहा बाय पंधराच्या हॉलला एकूण अडीच हजार किलोंहून जास्त धरलेलं असतं. वजन भिंतीलगत, शक्यतो जिच्याखाली बीम आहे अशा भिंतीलगत ठेवलं की झालं. ग्रंथालयासारखी हॉलच्या मधोमध कपाटांची रांग मात्र नको.

इमारत जुनी असेल, बाल्कनीच्या स्लॅबमधून सळ्या दिसत असतील, किंवा हॉलमध्ये घेतलेल्या बाल्कनीवरच कपाट येत असेल, तर थांबा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. सोसायटीकडे तो अहवाल मागा. सिडकोच्या जुन्या वसाहतींत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

कपाट भिंतीला ठोकायलाच हवं का?

चार फुटांपेक्षा उंच असेल तर हो, घरात लहान मूल असेल तर त्याहून बुटकं असलं तरीही. मुलं फळ्यांवर चढतात. वरच्या बाजूला दोन एल अँगल पुरेत. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती सरसकट काँक्रीटच्या असतात, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत छोटा फिशर (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गुल्ली) सैल पडतो, लांब नायलॉनचा फिशर घ्यावा. विटांच्या जुन्या भिंतीत प्लास्टरच्या पुढे विटेपर्यंत स्क्रू गेला पाहिजे. आणि भोक पाडण्याआधी स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायर जाते हे आठवा.

भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाहीत.

मग तीन-साडेतीन फुटांची बुटकी कपाटं, शेजारी शेजारी. वरचा माथा दिव्यासाठी, रेडिओसाठी, कुंडीसाठी. अकरा महिन्यांनी घर बदलताना ती कोणत्याही हॉलमध्ये बसतात, आणि सोफ्याच्या पाठीमागेही उभी करता येतात. उंच कपाट आधीच असेल तर जड पुस्तकं खाली ठेवा आणि पुढच्या पायांखाली पातळ पट्टी देऊन ते किंचित भिंतीकडे झुकवा. हा तात्पुरता उपाय झाला. मालकांना जाताना भोकं पुट्टीने भरून देऊ असं लेखी सांगितलं तर बरेच जण दोन भोकांना हरकत घेत नाहीत.

पुस्तकं लावायची कशी? रंगांप्रमाणे?

फोटोसाठी लावायची असतील तर रंगांप्रमाणे. वाचायची असतील तर विषय आणि लेखक, आणि फार डोकं लावू नका. सोफ्यात बसल्यावर हाताला येणाऱ्या उंचीवर कविता, लेखसंग्रह, दिवाळी अंक, म्हणजे चार पानं वाचून ठेवून देता येतील असं काहीही. पाहुणे तेच उचलतात. कादंबऱ्या वर. मुलांची पुस्तकं सगळ्यात खाली, नाहीतर ती चढून घेतील. मराठी पुस्तकांच्या कण्यावरची नावं काही खालून वर, काही वरून खाली लिहिलेली असतात, त्यामुळे कपाटासमोर मान दोन्हीकडे वळवावी लागणारच.

प्रत्येक कप्प्यात थोडी जागा मोकळी सोडा. ठासून भरलेल्या कप्प्यात हवा जात नाही आणि पुस्तक ओढताना कण्याचा वरचा भाग फाटतो. मोकळ्या जागेत शोभेच्या वस्तू मांडायची घाई नको, ती जागा पुढच्या पुस्तकांची आहे.

पावसाळ्यात पुस्तकांना वास येतो, पानांवर ठिपके पडतात. कसर लागते.

हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते, आणि जुलैत इथली हवा त्याच्या पुष्कळ वर असते. त्यामुळे बुरशी पूर्ण टाळणं अवघड, पण आवरता येते. पावसाळ्यात काचेची दारं आठवड्यातून एकदा पंखा लावून उघडी ठेवा, पाऊस आत येत असताना मात्र बंद. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवता येतात, पण त्या ओलावा शोषून थकतात, पुन्हा तापवाव्या लागतात.

वेखंडाच्या पुरचुंड्या आणि कडुनिंबाचा पाला हे आजीचे उपाय मी अजून वापरते. पाला मात्र पूर्ण सुकवलेलाच. ओला पाला पानांत ठेवलात तर डाग पाडेल. डांबराच्या गोळ्या बसत्याउठत्या हॉलमध्ये नकोत, त्यांची वाफ लहान मुलांना चांगली नाही.

मोठी साफसफाई पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आधी करावी. नाहीतरी सरस्वतीपूजनाला पुस्तकं पुसायचीच असतात. सगळं बाहेर काढा, कोरड्या ब्रशने वरची कड झटका, फळ्या पुसून पूर्ण वाळू द्या. पुस्तकं कडक उन्हात पसरू नका, सावलीत वाऱ्याला ठेवा. बुरशी लागलेलं पुस्तक तोंडाला फडकं बांधून गॅलरीतच झटकायचं, घरात नाही.

काचेची दारं हवीत की उघडं कपाट?

घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम या पट्ट्यात नवे टॉवर आणि मेट्रोचं काम यांमुळे धूळ भरपूर, तिथे काच. आतल्या गल्लीत, झाडं असलेल्या सोसायटीत उघडं चालेल. काच लावलीत तर सरकती. उघडणारी दारं सोफ्याला आपटतात.

मग टीव्ही कुठे जाणार?

हा प्रश्न खरं तर घरातल्या मंडळींमध्ये सोडवायचा आहे. टीव्ही कपाटाच्या मधोमध बसवला की पुस्तकं त्याची चौकट होऊन बसतात आणि सगळे सोफे आपोआप त्याच्याकडे तोंड करतात. टीव्ही बाजूच्या लहान भिंतीला लावा आणि सोफे एकमेकांकडे तोंड करून, मध्ये टीपॉय ठेवून मांडा. क्रिकेटच्या दिवशी वेताच्या खुर्च्या उचलून वळवता येतात. वेगवेगळे सुटे सोफे असण्याचा हा मोठा फायदा. एल आकाराच्या सेक्शनल सोफ्याला तो नाही.

उजेडाचं काय?

ट्यूबलाइट वाचायला पुरते, पण तिच्या पांढऱ्या उजेडात लाकूड राखाडी आणि जुनं कापड मळकट दिसतं. प्रत्येक बसायच्या कोपऱ्यात एक उभा किंवा टेबलावरचा दिवा, ९ वॅटचा एलईडी, २७०० ते ३००० केल्विनचा. पुठ्ठ्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं असतं. दिवा वाचणाऱ्याच्या खांद्यामागून यावा. प्लगची जागा आधी बघा, नाहीतर हॉलभर एक्स्टेन्शनच्या वायरी पसरतील.

आमच्याकडे गणपती हॉलमध्येच बसतो. मखर कुठे करणार?

म्हणूनच जड तीन सीटर एकच ठेवा, बाकी सगळं दोन माणसांनी उचलण्याजोगं. कपाटाची एक बाजू तीन फुटांची बुटकी ठेवली तर तिच्या माथ्यावरच मखर बसतं. मागे पुस्तकांच्या रांगा असतील तर वेगळ्या सजावटीचीही फारशी गरज राहत नाही. समया आणि निरांजन पुस्तकांपासून दूर ठेवा, आणि कपाटाचा वरचा प्लाय गरम होत नाही ना ते बघा. दीड दिवसाचा असो की अनंत चतुर्दशीपर्यंतचा, आरतीला येणारी माणसं सतरंजीवर बसतात. सोफे शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये ठेवायची परवानगी आधीच मागून ठेवा.

सोफा आत्यांनी दिला. कापड बदललं किंवा रंगवला तर त्यांना वाईट वाटेल का?

वाटू शकतं. विशेषतः तो त्यांच्या लग्नानंतर घेतलेला असेल तर. न्यायच्या आधीच विचारून टाका: "आत्या, कव्हर बदलावं लागेल, चालेल ना?" बहुतेक वेळा त्या स्वतःच कापड निवडायला गोखले रोडला येतात आणि मग ते कापड बदलायची तुमची हिंमत होत नाही, ही वेगळी अडचण. जुन्या कापडाचा चांगला तुकडा काढून त्याच्या दोन उशा शिवून घ्या, एक त्यांना द्या. लाकडाला रंग मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. सागवानावर ऑइल पेंट फासलेला बघून आमच्या ओळखीचे एक काका अर्धा चहा सोडून उठले होते. पॉलिश चालतं, रंग चालत नाही, असा अलिखित नियम समजा.

आणि 'आम्हाला नकोय' हेही म्हणता येतं. फोनवर लगेच म्हणा. महिनाभर विचार करून सांगितलेला नकार जास्त लागतो.

कपाट भरलं आणि पुस्तकं उरली. शिवाय एक सोफाही आता नकोसा झालाय.

पुस्तकं ग्रंथालयाला देता येतात, पण पोतं भरून दारात ठेवू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. अशा जुन्या संस्थांकडे आधीच एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे यादी करून आधी विचारावं. सोसायटीच्या क्लबहाऊसमधला रिकामा कोपराही वाईट नाही. बुरशी लागलेली पुस्तकं कुणालाच देऊ नका, ती रद्दीत.

सोफ्याचं लाकूड सागवान असेल तर सुताराला आधी दाखवा, त्याच्या फळ्यांतून टीपॉय किंवा दोन स्टूल निघतात. बाकी सांगाडा भंगारवाला नेतो. फोम तो सहसा नेत नाही, तेव्हा भाव ठरवतानाच फोमसकट उचलायचं बोलून घ्या. ढेकूण लागलेला सोफा असेल तर कापडावर मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्या. नाहीतर खालच्या मजल्यावरचं कुणीतरी, चांगला दिसतोय म्हणून, तो उचलून घरात नेईल.